तेवीस गल्ल्या आणि वर्षाचा तुटपुंजा निधी: एका छोट्या शहरातल्या रस्तेदुरुस्तीचं प्रकरण

शहर, वस्ती आणि माणसं ओळखू येतील असे तपशील यातून काढले आहेत. रकमाही दिलेल्या नाहीत, सगळा हिशोब ‘भागां’त मांडला आहे. एका गल्लीवर सीलकोट, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून रस्त्यावर द्यायचा पातळ लेप, मारायला येणारा खर्च म्हणजे एक भाग. त्याच गल्लीवर खराब जागा खोदून दुरुस्त करून वर डांबराचा नवा थर द्यायचा तर पाच भाग, आणि पायापासून नव्याने बांधायची तर अठरा. हे आकडे आमच्या त्या वेळच्या अंदाजपत्रकातले आहेत. मी तेव्हा शहराच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होते. यातले काही निर्णय माझे होते आणि काही चुकाही.

पार्श्वभूमी

वस्ती तीसेक वर्षांपूर्वी एकाच टप्प्यात वसलेली. २३ गल्ल्या, सव्वाचारशेच्या आसपास घरं. गल्ल्यांची लांबी-रुंदी जवळपास सारखी. जमिनीचा उतार एका बाजूला, त्यामुळे सगळ्या वस्तीतलं पावसाचं पाणी शेवटी सात नंबरच्या गल्लीत येऊन थांबायचं.

रस्त्यांसाठी वर्षाला २० भागांचा निधी मिळायचा. तो खर्च करण्याची ठरलेली रीत नव्हती. पाऊस संपला की तक्रारींचा ढीग यायचा, ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या गल्लीत आधी काम व्हायचं आणि उरलेल्या पैशांत खड्डे बुजवले जायचे. कुठल्या गल्लीवर शेवटचा थर कधी पडला याची नोंदवही नव्हती. ती माहिती आमच्या मुकादमांच्या डोक्यात होती आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. या प्रकरणातलं पहिलं उपयोगी काम म्हणून मी त्यांच्याबरोबर घालवलेल्या तीन दुपारी धरते. ते गल्लीगल्लीत उभे राहून सांगत गेले आणि मी लिहून घेत गेले.

सात नंबरच्या लोकांचं निवेदन आलं तिथून प्रकरण सुरू झालं. जवळपास प्रत्येक घराची सही होती. मागणी एकच: ताबडतोब डांबरीकरण करा. वरिष्ठांची तयारी होती. निविदेचा मसुदाही टंकून झाला होता.

अडचण नेमकी काय होती

पाहणीला गेले तेव्हा एका आजींनी मला हाताला धरून त्यांच्या दारात नेलं. “पोरी, या दाराला तीन पायऱ्या होत्या. दीड पायरी तुमच्या रस्त्याने खाल्ली. अजून एक थर टाकलात तर पाणी सरळ माझ्या घरात.” मुकादमांच्या सांगण्याप्रमाणे मागच्या पंधरा वर्षांत या गल्लीवर पाच वेळा डांबर चढलं होतं. प्रत्येक थर दोन इंचांचा धरला तर दहा इंच होतात. आजींचा हिशोब बरोबर होता.

शेवटचा थर तीन वर्षांचाही नव्हता आणि त्यावर मगरीच्या पाठीसारख्या भेगांचं जाळं पसरलं होतं. लांबच लांब सरळ भेगा असत्या तर डांबर म्हातारं होऊन आकसलं असं म्हणता आलं असतं. चाकांच्या पट्ट्यात असं जाळं दिसलं की रस्ता चाकाखाली वारंवार वाकतोय आणि खालचा पाया भार घेत नाहीये असं समजायचं. अशा पायावर थर टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

मी दोन ठिकाणी खड्डा घेऊन बघायची परवानगी मागितली. ब्रेकरने कडेचा तुकडा निघाला तेव्हा कापात सगळे थर वेगवेगळे दिसत होते. वरचा थर खालच्याला चिकटलेलाच नव्हता, नुसत्या पहारीच्या टोकाने उचलला गेला. त्याखालच्या खडीत चिखल मिसळला होता. मूठभर घेऊन दाबला तर बोटांतून पाणी गळलं. त्याआधीचे अठरा दिवस पावसाचा थेंब पडलेला नव्हता. खड्ड्यात साचलेलं पाणी तपासलं तर त्यात क्लोरीनचा अंश निघाला. पावसाच्या किंवा जमिनीतल्या पाण्यात तो नसतो, नळाच्या पाण्यात असतो. रस्त्याखालची पाण्याची लाइन गळत होती, आणि ती किती वर्षं गळत होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराचं म्हणणं होतं की भार शेवटी खालची जमीनच पेलते, म्हणून तिला कोरडं ठेवणं हे रस्त्याचं पहिलं काम. दोनशे वर्षांनंतरही आम्ही त्याच्या नेमकं उलट करत होतो. जमीन ओली ठेवून वरून डांबर ओतत होतो.

पहिला निर्णय: निविदा थांबवायची का

निविदा थांबवली तर सात नंबरचे लोक खवळणार आणि त्यांचं चुकतही नव्हतं. पाइप बदलायचं काम पाणीपुरवठा विभागाचं, त्यांचा निधी वेगळा, त्यांचं वर्ष वेगळं. थर टाकला असता तर दोन वर्षं तरी शांतता मिळाली असती. बैठकीत हा मुद्दा उघडपणे मांडला गेला, आणि मांडणाऱ्याला मी दोष देत नाही. दोन वर्षांची शांतता ही कचेरीत खरीखुरी गोष्ट असते.

निर्णय फिरला तो खड्ड्यातल्या त्या ढेकळामुळे. मी ते प्लास्टिकच्या डब्यात भरून बैठकीत नेलं होतं. मुख्य अभियंत्यांनी ते हातात घेऊन दाबलं, टेबलावर पाणी सांडलं आणि निविदा बाजूला ठेवली गेली. तोंडी किंवा कागदावर हे इतक्या लवकर पटलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरा निर्णय: कुठली गल्ली आधी

मग सगळ्या २३ गल्ल्या चालत तपासल्या. यासाठी पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स नावाची पद्धत आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ती तयार केली आणि पुढे ती एएसटीएम या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी६४३३ या मानकात आली. भेगा, खड्डे, खचलेल्या जागा, तुटलेल्या कडा यांचा प्रकार, तीव्रता आणि व्याप्ती नोंदवून रस्त्याला ० ते १०० मधला गुण द्यायचा. टेप, खडू आणि छापील तक्ते एवढ्यावर दोन माणसांनी हे काम आठवड्याभरात केलं. नऊ गल्ल्या चांगल्या निघाल्या, आठ मधल्या, सहा खराब.

‘सगळ्यात वाईट गल्ली आधी’ हा क्रम न्यायाचा वाटतो. मलाही वाटत होता. कागदावर मांडल्यावर चित्र बदललं. सहा खराब गल्ल्या नव्याने बांधायला १०८ भाग, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षांचा निधी. तोवर मधल्या आठ गल्ल्यांना कुणी हात लावणार नाही. रस्ता सरळ रेषेत बिघडत नाही. बरीच वर्षं तो हळूहळू उतरतो, आणि भेगांतून पाणी पायापर्यंत पोचलं की झपाट्याने कोसळतो. या आठ गल्ल्या त्या कड्यावरच उभ्या होत्या. आज त्या ४० भागांत सावरल्या असत्या. सगळ्या घसरल्या असं धरलं तर साडेपाच वर्षांनी त्यांनाच १४४ भाग लागले असते. मधले १०४ भाग, पाच वर्षांहून जास्त निधी, नुसत्या उशिरापायी गेले असते.

मग सगळ्या २३ गल्ल्यांवर कर्ज काढून एकदम पातळ थर टाकावा, अशी सूचना आली. एकाच वेळी सगळे खूश. पण खराब गल्ल्यांवर तो थर तीन वर्षंही टिकला नसता आणि हप्ते दहा वर्षं चालले असते. काम जितकी वर्षं टिकणार त्याहून जास्त मुदतीचं कर्ज त्या कामासाठी घ्यायचं नाही, हा नियम आम्ही तेव्हा ठरवला. या प्रकरणातली मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. सीलकोट पाच-सात वर्षं टिकतो, त्याला वर्षाच्या निधीतूनच पैसे द्यावेत. पायापासून बांधलेली गल्ली नीट सांभाळली तर वीस वर्षं जाते, तिच्यासाठी दहा वर्षांचं कर्ज चालतं.

शेवटी मिश्र योजना ठरली. वर्षाचा निधी चांगल्या आणि मधल्या गल्ल्यांना. सात नंबर धरून सर्वात वाईट तीन गल्ल्यांसाठी ५४ भागांचं दहा वर्षांचं कर्ज. उरलेल्या तीन खराब गल्ल्या खड्डे बुजवून तगवायच्या आणि चौथ्या वर्षापासून हाती घ्यायच्या. सगळं मिळून सात वर्षं. नुसतं वाईटापासून सुरू केलं असतं तर तेरा वर्षांचा हिशोब निघत होता.

तिसरा निर्णय: पैसे कुणी भरायचे

शहराने एकट्याने हप्ते भरले असते तर इतर वस्त्यांचा निधी कापावा लागला असता. म्हणून अर्धा हप्ता शहराने आणि अर्धा वस्तीतल्या मालमत्तांवर लावलेल्या जादा आकाराने फेडायचा, असा प्रस्ताव होता. शहराचा वाटा वजा जाता वर्षाच्या निधीत १६ भाग उरत होते. पलीकडच्या मोठ्या रस्त्याला जायला बाहेरची वाहनं ज्या दोन गल्ल्यांतून जायची, त्यांचा खर्च पूर्णपणे शहराकडे ठेवला.

जादा आकार वाटायचा कसा, यावर चार बैठका गेल्या. इथे जरा थांबून सांगते, कारण ही गोष्ट सूत्र म्हणून सोपी वाटते आणि घरावर लावून बघितली की टोचते. आम्ही फळ्यावर तीन मालमत्ता मांडल्या: गल्लीच्या मधलं एक छोटं घर, कोपऱ्यावरचं एक घर आणि तेवढ्याच प्लॉटवर उभी राहिलेली बारा सदनिकांची इमारत. दर घरामागे सारखा आकार लावला की इमारतीवर बारा हिस्से पडतात, आणि एखादा मोकळा प्लॉट घर नाही म्हणून सुटतो. रस्त्याला लागून असलेल्या बाजूच्या लांबीवर आकार लावला की बारा कुटुंबांत मिळून एकच हिस्सा येतो, आणि कोपऱ्यावरच्या घराला दोन बाजूंचे पैसे भरावे लागतात. त्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई बैठकीत म्हणाल्या, “माझं दार एकाच गल्लीत उघडतं. दुसरी बाजू नुसती भिंत आहे.” सभागृह गप्प झालं.

एकाने वाहनांच्या संख्येवर आकार लावायचं सुचवलं. ज्यांच्या गाड्या जास्त ते रस्ता जास्त झिजवतात, हे ऐकायला पटतं. पण अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात ट्रक फिरवून जी मोठी चाचणी झाली, आशो रोड टेस्ट, तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचं नुकसान वाहनाच्या आसावरच्या, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे आठ टनांचा आस एक टनाच्या आसापेक्षा आठपट नाही, चार हजारपटींहून जास्त नुकसान करतो. घरच्या गाड्या मोजण्यात अर्थ नव्हता. गल्ल्यांत रोज शिरणारा कचऱ्याचा ट्रक आणि बांधकामांवर येणारे खडीचे ट्रक हे खरे झिजवणारे होते. यावरून आकार ठरला नाही, पण एक चांगलं झालं: मधल्या आणि खराब गल्ल्यांत कचऱ्यासाठी छोटी गाडी सुरू झाली. तिला वेगळा निधी लागला नाही.

शेवटी अर्धा आकार घरटी आणि अर्धा लांबीवर ठरला. कोपऱ्याच्या मालमत्तेची एकच बाजू, जास्त लांबीची, धरायची. ज्यांना भरणं खरोखर जड आहे त्यांची रक्कम मालमत्तेवर नोंदवून ठेवायची आणि विक्री किंवा हस्तांतर होताना वसूल करायची. जमा झालेला पैसा वेगळ्या खात्यात आणि त्याचा हिशोब दर सहा महिन्यांनी वस्तीच्या फलकावर. मतपत्रिका प्रत्येक मालकाकडे गेल्या. परत आलेल्यांपैकी दोन तृतीयांश अनुकूल असतील तरच योजना लागू होणार होती. ती जेमतेम लागू झाली.

काय केलं

पाणीपुरवठा विभागाने आधी पाइप बदलावा आणि मगच आम्ही रस्ता बांधावा, असं लेखी ठरलं. पाइपचा चर भरताना माती सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा, ही अट मी हट्टाने घातली. चर एकदम भरून वरून रोलर फिरवला की पुढच्या पावसात रस्त्यावर त्याच रेषेत घळ पडते, हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. सात नंबरमध्ये जुने पाचही थर खरवडून काढले, पाया खोदला, कडेने सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट दिली आणि रस्त्याची पातळी दारांच्या पायऱ्या बघून ठरवली. मधून कडेकडे अडीच टक्के ढाळ येतोय की नाही हे दोरी आणि पाणपातळीने दर दहा मीटरवर तपासलं.

डांबर पडलं त्या दिवशी तिसरा ट्रक उशिरा आला. माल प्लांटवरून निघतो तेव्हा दीडशे अंशांच्या आसपास असतो, आणि फार थंड झाला की रोलर कितीही फिरवला तरी दबत नाही. थर्मामीटर खोचला तर काटा शंभराच्याही खाली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “मॅडम, एवढा एकच ट्रक आहे, दाबून घेतो.” ट्रक परत पाठवला. गल्लीतली पोरंसोरं, म्हातारी माणसं ते बघत होती. त्यानंतर हिशोबाच्या फलकासमोर लोक जास्त वेळ थांबायला लागले, असं माझं निरीक्षण आहे.

पाच वर्षांनी

कर्जातल्या तिन्ही गल्ल्या झाल्या, पण ठरल्यापेक्षा वर्षभर उशिरा. पाइप बदलताना आणखी दोन गळती सापडल्या आणि पाणीपुरवठा विभागाचा निधी मध्येच संपला. सात नंबरच्या लोकांनी दोन पावसाळे उखडलेल्या रस्त्यावर काढले आणि त्याच वेळी जादा आकारही भरला. ही या योजनेतली सर्वात बोचणारी गोष्ट आहे.

नऊ गल्ल्यांवर सीलकोट झाला. त्यातल्या दोन गल्ल्यांत तो वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटला. तिथे भेगांच्या जाळ्याची सुरुवात झालेली होती आणि मी ती साध्या भेगांत मोजली होती. पाहणी भर उन्हात केली होती. तशा प्रकाशात बारीक भेगा बुजतात, पाऊस पडून रस्ता अर्धवट सुकत असताना त्या ओल्या रेषांनी उठून दिसतात. त्या दोन गल्ल्यांना मग पाच-पाच भाग घालावे लागले. तो पैसा दुसऱ्या गल्लीचा होता.

मधल्या आठपैकी सात सावरल्या, एक वाट बघता बघता घसरून खराब गटात गेली. निधीतल्या तीन खराब गल्ल्यांपैकी एकच पूर्ण झाली. नव्याने थर दिलेली एक गल्ली आठव्या महिन्यात केबल टाकणाऱ्यांनी आडवी कापली. पाच वर्षं खोदाई बंद हा नियम आम्ही केला होता, पण परवाने देणाऱ्या खिडकीपर्यंत तो पोचवलाच नव्हता. आज तिथे गल्ल्यांची यादी तारखांसकट लावलेली आहे.

पुन्हा करायचं असतं तर

खराब आणि काठावरच्या सगळ्या गल्ल्यांत आधी खड्डे घेऊन पाया पाहिला असता. सात नंबरमध्ये घेतलेल्या दोन खड्ड्यांनी सगळी योजना बदलली, तरी बाकीच्या गल्ल्यांबाबत आम्ही वरून बघूनच समाधान मानलं. सगळीकडे मिळून दहा-बारा खड्डे पुरले असते, आणि त्यांचा खर्च सुटलेल्या सीलकोटपेक्षा कमीच झाला असता. कर्जाच्या हिशोबात गळतीसाठी राखीव रक्कम धरायला हवी होती. जमिनीखाली काय निघेल हे आधी कळत नाही एवढंच नक्की असतं, आणि आम्ही तेवढंही धरलं नव्हतं.

सात नंबरच्या लोकांना निविदा थांबल्याचं जाहीर बैठकीत कळलं, इतर सगळ्यांबरोबर. ते ढेकूळ मी कचेरीत दाखवलं, त्यांच्या दारात नेलं नाही. आधी घरोघर जाऊन सांगितलं असतं आणि त्याच आठवड्यात तात्पुरती खडी टाकून, पाण्याला चर काढून दिला असता, तर ते दोन पावसाळे थोडे सुसह्य झाले असते. त्यांचा जादा आकारही गल्लीचं काम पूर्ण झाल्यापासूनच सुरू करायला हवा होता. तसं केल्याने हप्त्याच्या हिशोबात फारसा फरक पडला नसता, मी नंतर मांडून पाहिलं.

तीन गल्ल्या अजून बाकी आहेत, म्हणजे वर्षाला १६ भागांप्रमाणे आणखी तीन वर्षांहून थोडं जास्त. सात नंबरमधल्या आजींच्या दारात आता अडीच पायऱ्या दिसतात. खालची अर्धी काढता आली नाही. तिथे नळजोडणीचे पाइप इतके वर आहेत की रस्ता त्याहून खाली नेता येत नव्हता.